साटंलोटं

रत्नागिरीच्या लॅबमध्ये मिरकरवाड्याचा वास
खिडकी लावली तरी आत येतो.
मॉनिटरवर रेघ चढते: एक डोंगर, ठरल्या जागी.
आणि त्याच्या आधी, न बोलावलेला,
दुप्पट वजनाचा दुसरा.
आठवडाभर मी म्हणत राहिले, घाण असेल.
प्रथिन तर तेच. आंबट पाण्यात ठेवलेलं,
गोठवून सुकवलेलं खाऱ्या बांगड्यासारखं,
मग पुन्हा पाण्यात सोडलेलं.

घाण नव्हती.

एक साखळी असते, स्वतःभोवती घडी घालून बसलेली,
शेवटचा हात आपल्याच कुशीत खोचलेला,
मधे बिजागरी.
आंबटात ती सैल होते, हात बाहेर लोंबतो,
आणि शेजारी तशीच एक, तशीच उघडी.
हिचा हात तिच्या कुशीत जातो, तिचा हिच्या.
खाच तीच, पकड तीच,
फक्त आता कुठे एक संपते नि दुसरी सुरू होते
ते बोटाने दाखवता येत नाही.

याचं इंग्रजी नाव मी पेपरात लिहिलं.
मनात मात्र घरचा शब्द आला.

सर्जेकोटच्या कुबलांनी शेवंती दिली आचऱ्याला,
आचऱ्याच्या सारंगांनी माझी आई सर्जेकोटला.
मांडव एक, भटजी एक, खर्च निम्मा.
दोन्ही चुलींपुढची रिकामी जागा
त्याच दिवशी, त्याच मापाने भरली.
आजोबा म्हणाले, आता होड्या दोन, रापण एक.

मी सहा वर्षांची होते तेव्हा
मामाने शेवंतीवर वल्हं उगारलं.
नुसतं उगारलं नाही.
ती पेटी घेऊन निघाल्याचा निरोप आला
आणि आजीने, रडत रडत,
आईचे कपडे घडी करायला घेतले.
नियम होता. एक हात सुटला की दुसरा सोडायचा.
खाडीच्या मधोमध दोन तरी जवळ आल्या,
तरवाल्यांनी वल्ही वर धरली.
दोघी काय बोलल्या
ते काठावर ऐकू आलं नाही.

मला शेवंतीने वाढवलं.
पेज तीच, मीठ जरा जास्त.
वेणी ती डावीकडून सुरू करायची.
झोपेत मी कूस शोधायचे,
आणि सापडायची, हेच मला अजून
कुणाला सांगता आलेलं नाही.

पुढचा प्रयोग बिघडला.
एकीचा हात दुसरीत, दुसरीचा तिसरीत,
तिसरीचा चौथीत,
पहिलीकडे परत कोणीच आलं नाही.
नळीच्या तळाशी पांढरा गाळ.
तो टाकताना पणजी आठवली, वेंगुर्ल्याहून आणलेली.
तिच्या बदल्यात कोण गेलं, आणि कुठे,
सांगणारं आता कोणी नाही.

इथे माझी तुलना फाटते.
साखळीला दुखत नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं.
तिच्या मागे कोंबड्या, कुणीतरी नारळ सोलतंय.
“मगे सुटतत कशी ती?”
थोडी ऊब द्यायची, म्हटलं. आणि वाट बघायची.
कधी कधी आठवडे लागतात.
“एकेकटी होतत?”
होतात. पहिल्यासारखी.

बराच वेळ नुसता नारळाचा आवाज.
मग म्हणाली,
“त्या दिसा तरीत पेटी बदलली.
शेवंतीची माझ्याकडेच रवली,
माझी तिच्याकडे.
कोणी मागूक नाय.”